बास्केटबॉल, भिशी आणि आम्ही



आज आम्ही बास्केटबॉलवर बोलणार आहोत. फराळ, मुलांचे चष्मे, हिवाळ्यातली कोरडी त्वचा हे सोडून हे मध्येच काय, असं तुम्हाला वाटेल. पण वीस मिनिटं द्या. खेळ कसा खेळतात ते आम्ही सांगणार नाही, ते आम्हालाही धड येत नाही. मैदानाबाहेर खेळाडूंची जी देवघेव चालते, तिचे नियम काय आहेत, लोक त्यावर एवढे का भांडतात आणि त्या भांडणात आम्ही सहा जणी कशा सापडलो, एवढंच सांगायचं आहे.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेच्या एका उपनगरात राहतो. एक सांगलीची, एक नागपूरची, एक नाशिकची, एक ठाण्याची, एक म्हापशाची आणि एक इंदूरची. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमची भिशी असते. सहा जणी, सहा महिने, सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतात. कुणाला पैशांची नड आधी असली तर नंबर बदलून घेता येतो. मागे एकदा नाशिकच्या मैत्रिणीने मुलाच्या फीसाठी आपला पाचवा नंबर सांगलीच्या मैत्रिणीच्या दुसऱ्या नंबराशी बदलला आणि वर किलोभर चकल्या कबूल केल्या. ही चकल्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बास्केटबॉल आमच्या घरात आलं ते मुलांमुळे. इथला संघ डॅलस मॅव्हरिक्स. मुलं सामने बघायची, आम्ही भाजी निवडता निवडता बघायला लागलो. आणि मुलांच्याच तोंडून एक नाव आमच्याही तोंडी बसलं: लुका डॉन्चिच. स्लोव्हेनियाचा मुलगा. २०१८ साली एकोणीस वर्षांचा असताना इथे आला. २०२४ मध्ये त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं. तिथे बॉस्टनकडून हरलो, पण पोरगं पंचविशीतलं होतं. पुढची दहा वर्षं आपलीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

१ फेब्रुवारी २०२५ हा शनिवार होता, म्हणजे आमच्या भिशीचा दिवस. जेवणं झाली होती, आम्ही भांडी आवरत होतो. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. नागपूरच्या मैत्रिणीचा मुलगा जिन्यावरून ओरडत खाली आला, "लुका गेला!" आम्हाला वाटलं, कुणी वारलं. सांगलीची तर हातातलं पातेलं ठेवून खुर्चीतच बसली. मग कळलं की संघाने त्याला लॉस अँजेलिस लेकर्सला देऊन टाकलं आहे. आधी कुणाचाच विश्वास बसेना. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी पळवलं असणार, असंच बहुतेकांना वाटलं. पण बातमी खरी होती.

लुकाबरोबर मॅक्सी क्लेबर आणि मार्कीफ मॉरिस हेही गेले. बदल्यात डॅलसला मिळाला अँथनी डेव्हिस, एकतीस वर्षांचा, नावाजलेला पण वरचेवर दुखापती होणारा. शिवाय मॅक्स ख्रिस्ती नावाचा तरुण खेळाडू आणि लेकर्सचं २०२९ सालचं पहिल्या फेरीचं एक ड्राफ्ट पिक. युटा जॅझ हा तिसरा संघ मध्ये होता, त्याने एका खेळाडूला आपल्याकडे घेऊन त्याबद्दल दुसऱ्या फेरीची दोन पिकं मिळवली. म्हणजे चकल्या.

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत भांडत बसलो. खरं सांगायचं तर भांडणातले निम्मे शब्द आम्हाला कळत नव्हते. ठाण्याच्या मैत्रिणीला मात्र सगळं कळत होतं. ती हिशेबाच्या कामात आहे आणि आकडा दिसला की तिचे डोळे चमकतात. तिने कागद घेतला आणि आम्हाला शिकवायला बसली. तिने जसं सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

अमेरिकेतल्या या लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, तीस संघ आहेत. दरवर्षी जूनमध्ये नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या असतात. प्रत्येक संघाला प्रत्येक फेरीत एक खेळाडू निवडायचा हक्क असतो. त्या हक्काला म्हणतात पिक. आमची नाशिकची मैत्रीण शेतकऱ्याची मुलगी, ती पहिल्यापासून त्याला 'पीक'च म्हणते, आणि आम्हाला ते पटतं. पुढच्या हंगामाचं पीक. ते येईल की करपेल, आज कुणी सांगू शकत नाही. पण आजच विकता येतं.

आता आधी कुणी निवडायचं? हरणाऱ्या संघाने. जो दुबळा त्याला चांगला मुलगा मिळावा, म्हणजे पुढे खेळ बरोबरीचा होईल, असा विचार त्यामागे आहे. पण मग संघ मुद्दाम हरायला लागले. म्हणून १९८५ पासून लॉटरी आली. २०२५ च्या नियमाप्रमाणे प्लेऑफला न पोचलेले चौदा संघ या लॉटरीत होते. यंत्रात चौदा चेंडू फिरतात, त्यातले चार काढतात. चार आकड्यांच्या एक हजार एक जोडण्या होतात. एक सोडून देतात, उरलेल्या हजार संघांमध्ये वाटलेल्या असतात. सर्वांत वाईट तीन संघांना प्रत्येकी एकशे चाळीस. त्यापुढच्यांना कमी कमी. चेंडू फक्त पहिल्या चार नंबरांसाठी, बाकीचे नंबर हरण्याच्या क्रमाने. आमच्या भिशीत प्रत्येकीची चिठ्ठी एकच, इथे ज्याची नड जास्त त्याच्या चिठ्ठ्या जास्त. एवढाच फरक.

पिकं विकायलाही नियम आहेत. सात वर्षांच्या पुढचं पिक विकता येत नाही. आणि दुसरा नियम एका माणसाच्या नावाने ओळखला जातो, स्टेपियनचा नियम. टेड स्टेपियन यांनी १९८० साली क्लीव्हलँडचा संघ विकत घेतला आणि आज हाताशी खेळाडू हवेत म्हणून पुढच्या वर्षांची पहिल्या फेरीची पिकं भराभर देऊन टाकली. १९८३ ते १९८६, सलग चार वर्षांची पहिल्या फेरीची पिकं ज्या एका संघाकडे आली, तो संघ तेव्हा नुकताच जन्मला होता. त्याचं नाव डॅलस मॅव्हरिक्स! डेरेक हार्पर, सॅम पर्किन्स, डेटलेफ श्रेम्फ, रॉय टार्पली हे चौघेही डॅलसला क्लीव्हलँडच्या पिकांतून मिळाले. पुढे क्लीव्हलँडचा संघ विकायला निघाला, तेव्हा नव्या मालकांच्या हाती काही लागावं म्हणून लीगने त्यांना जादा पिकं विकत घेऊ दिली. आणि नियम झाला की पुढच्या सलग दोन वर्षांत पहिल्या फेरीचं एकही पिक हाती उरणार नाही, असा व्यवहार करायचा नाही.

हे ऐकून नाशिकची म्हणाली, "आमच्याकडे याला नियम लागत नाही. बियाणं दळायचं नाही, हे घरातल्या पोराला कळतं."

पण नियम आला की पळवाटही येते. सलग दोन वर्षं द्यायची नाहीत ना? मग एक वर्ष सोडून एक वर्ष द्यायची आणि मधल्या वर्षी अदलाबदलीचा हक्क द्यायचा. म्हणजे तुझा नंबर चांगला आला तर तो मी घेणार, माझा वाईट आला तर तो तुला. २०१३ साली ब्रुकलिन नेट्सने हेच केलं. केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतरतीला लागलेले मोठे खेळाडू घेण्यासाठी त्यांनी बॉस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८ ची पिकं दिली आणि २०१७ मध्ये अदलाबदल. ब्रुकलिनच्या हाती फारसं काही लागलं नाही. बॉस्टनला २०१६ च्या पिकातून जेलन ब्राउन मिळाला. २०१७ ला अदलाबदलीने पहिला नंबर आला, त्यावरून खाली सरकत त्यांनी जेसन टेटम घेतला. आणि याच दोघांनी २०२४ मध्ये अंतिम फेरीत आम्हाला हरवलं. दुसऱ्याने विकलेल्या बियाण्याचं पीक आमच्या अंगणात येऊन आमच्याच डोक्यावर पडलं.

आता डॅलसचं बघा. २०२७ चं पिक दिलेलं, फक्त ते पहिल्या दोन नंबरांत आलं तर वाचतं. २०२८ ला अदलाबदल. २०२९ चं दिलेलं. २०३० ला पुन्हा अदलाबदल. ठाण्याच्या मैत्रिणीने कागदावर ही चार वर्षं एकाखाली एक लिहिली आणि पेन खाली ठेवलं. स्टेपियनचा नियम अक्षरशः पाळलेला होता.

म्हणून भांडण पेटलं होतं. लुकासारखा खेळाडू दिला तर चार-पाच पिकं तरी यायला हवी होती, असं लोकांचं म्हणणं. २०२४ च्या उन्हाळ्यातच न्यूयॉर्कने मिकाल ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पहिल्या फेरीची पाच पिकं दिली होती, आणि ब्रिजेस काही लुका नव्हे. शेजारच्या ओक्लाहोमा सिटीचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी. त्यांनी २०१९ मध्ये पॉल जॉर्ज दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पहिल्या फेरीची पाच पिकं घेतली. त्यातल्याच एका पिकातून जेलन विल्यम्स आला, आणि २०२५ चं विजेतेपद त्यांनी जिंकलं. तिकडे महाव्यवस्थापक निको हॅरिसन म्हणत होते की विजेतेपद बचावाने मिळतं, डेव्हिस बचावात भारी आहे. इंदूरची मैत्रीण त्यांच्या बाजूची. ती म्हणायची, "उद्याच्या पिकावर आजचं पोट भरत नाही. कायरी अर्व्हिंग तिशी ओलांडलेला, संघ आत्ता जिंकायचा आहे." आणि म्हापशाची म्हणायची, "अगो, पण आत्ताच तर जिंकत होतो ना!"

आणखी एक भांडण सांगतो, कारण ते मुलांपर्यंत पोचलं. पिक अट घालूनही देता येतं. हे पिक तुझं, पण ते पहिल्या दहांत आलं तर माझंच राहील, अशी अट. २०२३ मध्ये डॅलसचं पिक असंच न्यूयॉर्कला द्यायचं होतं. हंगामाच्या शेवटी संघाने मुख्य खेळाडूंना बसवून ठेवलं आणि सामने गेले. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. पण पिक दहाव्या नंबरावर आलं आणि वाचलं! त्याची अदलाबदल करत संघाने डेरेक लाइव्हली हा मुलगा मिळवला, आणि पुढच्याच वर्षी तो अंतिम फेरीत खेळला. सांगलीच्या मैत्रिणीच्या मुलीने जेवताना विचारलं, "आई, मग हरणं चांगलं होतं का?" तिने आम्हाला विचारलं. आम्ही सहा जणींनी सहा उत्तरं दिली. एकीने सांगितलं की दंड झाला म्हणजे चूकच. दुसरी म्हणाली, दंड भरून फायदाच झाला. तिसरी म्हणाली, तिकीट काढून आलेल्या लेकरांनी काय बघायचं? मुलीला अजून उत्तर मिळालेलं नाही.

त्यानंतरचे महिने तुम्हाला माहीत असतील. डेव्हिस पहिल्याच सामन्यात जखमी झाला. मार्चमध्ये अर्व्हिंगचा गुडघा गेला. ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या कपड्यांत डॅलसला खेळायला आला. खुर्च्याखुर्च्यांवर टी-शर्ट ठेवले होते, त्यावर स्लोव्हेनियन भाषेत 'सगळ्यासाठी आभार' असं लिहिलेलं. त्याच्या आठवणींची चित्रफीत दाखवली तेव्हा तो बाकावर बसून रडत होता. मग उठून त्याने पंचेचाळीस गुण केले. आम्ही नागपूरच्या मैत्रिणीकडे बघत होतो. आपल्या संघाविरुद्ध प्रत्येक चेंडू आत गेला की आम्ही टाळ्या वाजवत होतो.

आणि मग मे महिन्यात लॉटरी. डॅलसच्या वाट्याला हजारातल्या अठरा जोडण्या, म्हणजे शंभरात दोनही नाही. पहिला नंबर डॅलसचा आला! सर्वांत जास्त हरलेल्या युटाला पाचवा. यात काही काळंबेरं आहे, लुका गेला त्याची ही भरपाई दिली, असं म्हणणारे खूप निघाले. आमच्या ठाण्याच्या मैत्रिणीचं म्हणणं असं, की अठरा म्हणजे शून्य नव्हे, आणि भिशीत सांगलीकरणीचा पहिला नंबर लागोपाठ तीनदा आला होता तेव्हा कुणी चौकशी मागितली नव्हती. त्या पहिल्या पिकातून अठरा वर्षांचा कूपर फ्लॅग डॅलसला आला. त्याच वर्षी मुलींच्या लीगमध्ये, डब्ल्यूएनबीएमध्येही, पहिला नंबर डॅलसकडेच होता, त्यातून पेज बेकर्स आली. आमच्या मुली आता तिचा शर्ट घालतात.

हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहाने बोलत होतो. कोण जिंकलं, कोण फसलं, कुठलं पिक किती मोलाचं. एक गोष्ट मात्र कुणी विचारत नव्हतं. ती म्हापशाच्या मैत्रिणीने काढली. "ज्याला पाठवलं, त्याला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. विचारावं लागत नाही. ट्रेडला नकार द्यायचा हक्क करारात लिहून घेता येतो, पण त्यासाठी लीगमध्ये आठ वर्षं आणि त्या संघात चार वर्षं झालेली लागतात. लुकाचं सातवं वर्ष चालू होतं. हंगाम चालू असताना ट्रेड झाला की खेळाडूने अठ्ठेचाळीस तासांत नव्या संघाकडे हजर व्हायचं असतं. शिवाय आपल्या मूळ संघात राहणाऱ्याला जो सर्वांत मोठा करार मिळू शकतो, सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरचा, तो लुकाला उन्हाळ्यात मिळू शकला असता. ट्रेड झाला आणि तो हक्क गेला.

नाशिकची म्हणाली, "वर्षाला चार कोटी डॉलरच्या वर कमावतो तो. त्याची कीव कसली करता?" तिचं खरं आहे. ऑगस्टमध्ये त्याने लेकर्सशी तीन वर्षांचा साडेसोळा कोटींचा करार केलाही. पैशाने त्याचं काही अडलं नाही. तरीही त्या एप्रिलच्या रात्री त्याचा चेहरा आम्ही पाहिला होता, आणि तो पैसे बुडाल्याचा चेहरा नव्हता.

मग आम्ही मुलींच्या लीगमधली एक गोष्ट वाचली. डीअरिका हॅम्बी ही लास व्हेगसच्या संघात होती. २०२२ मध्ये संघ विजेता झाला, आणि त्या आनंदसोहळ्यातच तिने आपण दुसऱ्यांदा आई होणार असल्याचं सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये संघाने तिला लॉस अँजेलिसला पाठवलं. तिच्याबरोबर स्वतःचं २०२४ चं पहिल्या फेरीचं पिकही दिलं आणि बदल्यात एक खेळाडू आणि दुसऱ्या फेरीचं पिक घेतलं. म्हणजे बाई द्यायची आणि वर काही घालून द्यायची! आमच्यातल्या सगळ्या जणी हे वाचून गप्प झाल्या. असा व्यवहार आम्ही कुठे कुठे पाहिला आहे, ते सांगायला नको.

हॅम्बीने जाहीर लिहिलं की गरोदरपणावरून आपल्याला वाईट वागणूक मिळाली. प्रशिक्षिका बेकी हॅमन यांनी ट्रेडचं कारण ते नव्हतं, असं सांगितलं. लीगने चौकशी केली. गरोदरपणाबद्दल हॅम्बीशी जे बोलणं झालं त्यावरून हॅमन यांना दोन सामन्यांसाठी निलंबित केलं, आणि हॅम्बीला नियमाबाहेरच्या सवलती देऊ केल्याबद्दल संघाचं २०२५ चं पहिल्या फेरीचं पिक काढून घेतलं. शिक्षासुद्धा पिकातच मोजली गेली. हॅम्बीचं मार्च महिन्यात बाळंतपण झालं आणि त्या हंगामात ती नव्या संघाकडून चाळीसच्या चाळीस सामने खेळली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तीन-तीन जणींच्या बास्केटबॉलमध्ये ती अमेरिकेसाठी कांस्यपदकही घेऊन आली. इथे बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार द्यायचा, हे २०२० च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने मिळवलेलं आहे. पण कुठल्या गावात बाळंत व्हायचं, हे त्या करारात नव्हतं.

मैत्रिणींनो, इथवर आम्ही फार शहाण्या होतो. संघवाले माणसांना आकडे समजतात, असं एकमेकींना सांगत होतो. मग ऑक्टोबरची भिशी आली.

नव्या फेऱ्याच्या चिठ्ठ्या टाकून झाल्या. ठाण्याच्या मैत्रिणीचा नंबर शेवटचा आला, मार्चचा. चहा झाल्यावर तिने सांगितलं की त्यांना हे गाव सोडावं लागणार आहे. नवऱ्याच्या कंपनीने त्याचा विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आहे. बातमी गुरुवारी आली, जायचं जानेवारीत. तिला इथे नोकरीची परवानगी मिळायला पाच वर्षं थांबावं लागलं होतं, ती नोकरी सोडावी लागेल. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष.

आणि आम्ही पाच जणी काय म्हणालो? आम्हाला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. पहिला प्रश्न होता, "मग तुझा मार्चचा नंबर कोण घेणार?" लगेच दुसरी म्हणाली की नवी सहावी शोधायला हवी, अमकीला विचारू या. दोन-तीन मिनिटं आम्ही जोरात तेच बोलत होतो.

ती हसून म्हणाली, "विकून टाका. पहिल्या फेरीचं पिक आहे."

आम्ही सगळ्या हसलो. मग बघितलं तर ती हसत नव्हती.

त्या रात्री घरी गेल्यावर आम्हाला आणखी एक गोष्ट आठवली. फेब्रुवारीपासून आम्ही त्या एका ट्रेडवर किती बोललो असू! पण मॅक्सी क्लेबरचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. तो २०१७ पासून डॅलसला होता, लुकाच्याही आधीपासून. तोही त्याच रात्री गेला. त्याच्यासाठी आम्ही कुणीच रडलो नाही. आणि मॅक्स ख्रिस्ती, एकवीस वर्षांचा, जो आपलं गाव सोडून आमच्याकडे आला, त्याला आम्ही आठ महिने 'तो वर मिळालेला' म्हणत होतो.

निको हॅरिसन यांना २०२५ च्या नोव्हेंबरात संघाने काढलं. सामन्यांत त्यांना काढा म्हणून महिनोन्महिने घोषणा चालल्या होत्या, त्या आमच्या मुलांनीही दिल्या. मग नवं भांडण सुरू झालं, डेव्हिसला विकावं का, किती पिकं येतील. आम्हीही बोलतो. खोटं कशाला सांगू, मजा येते. आकडे, नियम, पळवाटा यांत डोकं चालवायला आवडतं. पण आमच्या गटात आता आम्ही एक नियम केला आहे. कुठल्याही ट्रेडवर बोलायच्या आधी त्यात गेलेल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, शेवटच्या बाकावरच्याचंही. मग पिकांवर बोलायचं. एवढ्याने त्या खेळाडूंचं काही भलं होत नाही. आमचं थोडं होतं.

आणि ठाण्याच्या मैत्रिणीचं काय? तिला आम्ही नंतरच्या भिशीत विचारलं, आधी विचारायला हवं होतं ते. "तुला काय हवंय?" ती म्हणाली, नोकरीचं आणि गावाचं आमच्या हातात काही नाही, ते तिलाही कळतं. पण भिशीतून नाव कमी करू नका. पैसे ती तिकडून दर महिन्याला पाठवेल आणि पहिल्या शनिवारी फोनवर येऊन बसेल. शिवाय स्टेपियनचा नियम आता कुणाला येत नसेल तर तिला विचारावं.

मार्चच्या चिठ्ठीवर तिचंच नाव आहे. ती आमच्या नागपूरच्या मैत्रिणीकडे, देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे.